बोटुकलीच्या आधीचा तलाव

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानपट्ट्यात सहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यातले तलाव आहेत. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळे. कोहळी समाजाने त्या कामात नाव काढले. नवेगावबांध तलावाचे श्रेय आजही कोलू पाटील कोहळींना देतात. पाळ म्हणजे बांध, पाणी सोडायचे तुडूम, जादा पाणी काढणारा सलंग हे सगळे धानासाठी. मासळी मात्र ढिवरांची, म्हणजे मासेमार समाजाची.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. गाळ काढायचा कोणी, पाळ दुरुस्त करायची कोणी, हे सांगणारे गावात कोणी उरले नाही. त्याच दशकात, १९५७ साली, हिरालाल चौधरींनी ओडिशात पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवले. मग मत्स्यबीज केंद्रे आली आणि मासेमारीचा ठेका घेतलेल्या सहकारी संस्था कटला, रोहू, मृगळ सोडू लागल्या.

मासळीचे वजन वाढले, हे खरे. पण हे नदीचे मासे. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते, साचलेल्या तलावात ते अंडी घालत नाहीत. म्हणजे दरवर्षी जिरे (अगदी बारीक पिल्ले) किंवा बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) विकत घ्या. त्यात गवत्या (गवत खाणारा कार्प मासा) आला, त्याने पाणवनस्पती फस्त केल्या. सायप्रिनस हा दुसरा कार्प मासा तळ उकरतो. पाणी गढूळ झाले की उजेड खाली पोचत नाही आणि उरलेली मुळेही मरतात. मासे कमी झाले की ढिवरांच्या जाळ्याला दोष द्यायची सवय आहे. आमच्या मते खरा घाव वनस्पतींवर बसला.

मरळ हा तलावातला स्थानिक मासा पाहा. काठच्या झाडोऱ्यात ती घरटे करते. तांबूस पिल्लांचा थवा पाण्यावर फिरतो, खाली नर-मादी राखण करतात. मोठा मासा मारला की थवा बाकीच्यांचे खाद्य होतो. झाडोराच नसेल तर घरट्यापर्यंतही गोष्ट जात नाही. म्हणूनच अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवरांच्या संस्थांनी, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीने, सुरुवात वनस्पतींपासून केली.

उन्हाळ्यात पाणी हटले की आधी बेशरम (काठाने माजणारे झुडूप) मुळासकट खणायची. नुसती कापून उपयोग नाही. ओल्या चिखलात पडलेला तुकडासुद्धा फुटतो, त्यामुळे ढीग पाळीबाहेर नेऊन वाळवायचा. मग कडक झालेला तळ नांगरायचा, नाहीतर मुळे धरत नाहीत. पावसाचे पाणी घोट्या-गुडघ्याएवढे झाले की पाणवनस्पतींची लावणी: व्हॅलिस्नेरिया मुळांसह रोवायची, हायड्रिलाच्या काड्या चिखलात दाबायच्या, उथळ कडेला कुमुदिनी. सेराटोफायलम या पाणवनस्पतीला मुळेच नसतात. मोकळे सोडले की वाऱ्याने एका कोपऱ्यात जमते, म्हणून कुंपणाच्या आत सोडायचे. कुंपण हवेच, म्हशी एका दुपारी सगळे तुडवतात. आणि एकाच खोलीवर लावू नये. धानाला तुडूम उघडले की पाणी भराभर उतरते, काठची ओळ उघडी पडून करपते.

पहिल्या पुरात सलंगावर चढणारे अंडीवाले मासे धरायचे नाहीत, मच्छरदाणीची जाळी वापरायची नाही, हे नियम गावालाच करावे लागतात. १९८१ चा सागरी मासेमारी कायदा समुद्रापुरता आहे.

अडचण ठेक्याची आहे. वनस्पती बसायला काही पावसाळे जातात. ठेका दुसऱ्याकडे गेला आणि त्याने गवत्या सोडला की एका हंगामात मेहनत संपते. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(१)(घ) मध्ये जलाशयातील मासळीवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिला आहे. तलाव वनक्षेत्रात असेल तर ग्रामसभेने दावा करताना निस्तारपत्रकातली (गावाच्या सामूहिक वापराच्या हक्कांच्या सरकारी कागदातली) नोंद जरूर जोडावी.