मधुमेहाचे निदान आणि उपद्रव

मधुमेह म्हणजे रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण कायम वाढलेले राहण्याचा विकार. स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन हे संप्रेरक तयार करतात. जेवणानंतर रक्तात आलेले ग्लुकोज स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत शिरते ते इन्सुलिनमुळे. यकृत गरज नसताना ग्लुकोज सोडत राहणार नाही, हेही तेच पाहते. इन्सुलिन पुरेसे नसले, किंवा असूनही शरीर त्याला दाद देईनासे झाले, की साखर रक्तात साचू लागते. घराघरांत या आजाराला ‘शुगर’ किंवा नुसते ‘साखर’ म्हणतात.

लघवीला मुंग्या लागणे ही त्याची फार जुनी खूण. चरकसंहितेत ती प्रमेह या लघवीच्या विकाराच्या पूर्वलक्षणांत येते. सुश्रुतसंहितेने प्रमेहाचे सहज (जन्मजात) आणि अपथ्यनिमित्तज (चुकीच्या आहारविहाराने होणारा) असे दोन भेद केले. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. आजच्या पहिल्या (इन्सुलिन न बनणाऱ्या) आणि दुसऱ्या (शरीर इन्सुलिनला दाद न देणाऱ्या) प्रकारच्या मधुमेहाशी हे वर्णन बरेच जुळते. मात्र आज मुंग्यांची वाट पाहणे धोक्याचे आहे. मूत्रपिंडे गाळलेले ग्लुकोज परत रक्तात ओढून घेतात. रक्तातले प्रमाण दर १०० मिलिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावरच ते लघवीत उतरते. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम साखर म्हणजे मधुमेह. म्हणजे आजार जडलेला असूनही लघवी स्वच्छ असू शकते. म्हणून निदान रक्तावरूनच करतात.

किमान आठ तास उपाशी राहून, शिरेतून घेतलेल्या रक्तात १२६ किंवा त्याहून जास्त साखर आढळली तर तो मधुमेह धरतात. १०० ते १२५ ही मधुमेहपूर्व अवस्था. जागतिक आरोग्य संघटना तिची सुरुवात ११० पासून मानते. दुसरी तपासणी ग्लुकोज पिऊन करायची. ७५ ग्रॅम ग्लुकोज ग्लासभर पाण्यात विरघळवून पाचेक मिनिटांत प्यायचे आणि दोन तास एका जागी बसायचे. मधे चहा नाही, तंबाखू नाही, फेरफटकाही नाही. दोन तासांनी साखर २०० किंवा जास्त भरली तर मधुमेह, १४० ते १९९ असेल तर मधुमेहपूर्व अवस्था. खूप तहान, वारंवार लघवी, कारण नसताना वजन घटणे अशी लक्षणे ठळक असतील तर कोणत्याही वेळी मिळालेला २०० चा आकडा पुरतो. लक्षणे नसतील तर एका अहवालावर शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करतात. बोट टोचून घरच्या ग्लुकोमीटरवर मिळालेला आकडा रोजच्या देखरेखीला उत्तम, पण निदानाला तो पुरेसा नाही.

तपासणीच्या आधी आठवडाभर गोड बंद करून अहवाल ‘नॉर्मल’ आणणारे पुष्कळ असतात. एचबीए१सी या चाचणीपुढे ही युक्ती चालत नाही. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्या काळात त्यांतील हिमोग्लोबिनला ग्लुकोज चिकटत जाते. किती टक्के चिकटले यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व अवस्था. या चाचणीलाही मर्यादा आहे, आणि महाराष्ट्रात ती विसरून चालणार नाही. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा खोटाच कमी दिसतो. लोहाच्या कमतरतेने झालेल्या पंडुरोगात तो खोटाच वाढलेला दिसू शकतो. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यावरच्या सिकलसेलच्या रोग्याचे निदान एचबीए१सीवर सोडणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. तिथे ग्लुकोजचीच तपासणी हवी.

गरोदरपणात भारतात सोपी पद्धत आहे. बाई उपाशी असो वा जेवून आलेली, तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज देतात आणि दोन तासांनी १४० किंवा जास्त आले तर गर्भावस्थेतला मधुमेह धरतात. ही तपासणी नाव नोंदवताना एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची असते. दुरून एसटीने येणाऱ्या बाईला उपाशीपोटी पुन्हा बोलावले तर ती येईलच असे नाही. या पद्धतीत तो प्रश्नच उरत नाही.

तपासणी कोणी करावी? ‘मी तर काटकुळा, मला कशाला शुगर होईल?’ हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे, आणि तो पुण्यातल्याच संशोधनाने खोडून काढला आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता-बालकांचा अभ्यास केला. ही बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच लहान, सरासरी सुमारे २.७ किलोची होती. पण उणेपणा होता तो मुख्यतः स्नायूंत. त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे दिली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडे वजनकाट्याइतकेच कमरेच्या टेपला महत्त्व आहे. पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या पुढे गेलेला घेर ही सावध होण्याची जागा. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत भारतात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहपूर्व अवस्थेतले लोक असल्याचा अंदाज आहे. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले.

उपद्रवांपैकी काही तासा-दिवसांत जिवावर उठतात. पहिल्या प्रकारात रोगप्रतिकार यंत्रणाच बीटा पेशी नष्ट करते आणि तो बहुधा लहान वयात दिसतो. रात्रीची सवय सुटलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, सारखे पाणी मागते, वाळत जाते. मग उलट्या, पोटदुखी, खोल श्वास आणि श्वासाला फळासारखा वास. इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचण्याची ही अवस्था म्हणजे किटोअ‍ॅसिडोसिस. पोट बिघडले असे समजून घरी थांबलेले दोन दिवस अशा मुलाच्या जिवावर बेततात. साखर तपासायला मिनिटही लागत नाही. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत पहिल्यांदा इन्सुलिन टोचले जाईपर्यंत अशा मुलांवर इलाजच नव्हता. उलट बाजूला, गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकले तर साखर ७० च्या खाली उतरते. घाम, थरथर, चिडचिड, भ्रम ही तिची लक्षणे. शुद्धीवर असलेल्याला लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे.

दीर्घकालीन उपद्रव मात्र न दुखता वाढतात. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पाझरू लागल्या तरी नजर बराच काळ चांगली राहते, म्हणून बाहुली मोठी करून वर्षातून एकदा पडदा पाहावा लागतो. मूत्रपिंड बिघडू लागल्याची पहिली खूण म्हणजे लघवीतून जाणारे अल्ब्युमिन हे प्रथिन. तेही वर्षातून एकदा मोजावे. हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोकाही वाढतो.

पायाबद्दल जास्त लिहायला हवे, कारण पाय सर्वांत सहज वाचवता येतो आणि तरीही जातो. सुरुवातीला तळव्यांना मुंग्या येतात, रात्री जळजळ होते. पुढे ती थांबते आणि ‘आता बरे वाटते’ असे रोगी सांगतो. प्रत्यक्षात संवेदना गेलेली असते. चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि माणूस तसाच दहा पावले पुढे जातो. नखाएवढा खडा दिवसभर बुटात टोचत राहिला तरी कळत नाही. उन्हात तापलेले देवळाचे अंगण, शेकायची पिशवी, पाय बुडवायचे कढत पाणी यांनी फोड येतात, ते चिघळतात, आणि रक्तपुरवठा आधीच तोकडा असल्याने भरून येत नाहीत. तपासणी अगदी साधी असते. डोळे मिटायला सांगून नायलॉनचा एक बारीक तंतू, १० ग्रॅमचा दाब पडला की वाकणारा, तळव्यावर ठिकठिकाणी टेकवतात आणि ‘लागले का?’ विचारतात. उत्तर येत नाही ती जागा धोक्याची. अशा रोग्याने रोज रात्री आरशात तळवे पाहावेत किंवा घरच्या कोणाकडून पाहून घ्यावेत, पाणी गरम आहे का ते पायाने नव्हे तर कोपराने किंवा दुसऱ्याकडून तपासावे, पायाला झालेले कुरूप ब्लेडने कापू नये, आणि मऊ एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या) तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल घरातही वापरावी.