कोयता : घडण, पाणी आणि मूठ

कोयता : घाव घालून तोडण्याचे, आत वळलेल्या धारेचे हातहत्यार. विळाही आत वळलेलाच असतो, पण त्याचे पाते अरुंद आणि हलके. तो ओढून कापतो. कोयत्याची पाठ जाड, पाते रुंद आणि वजन पुढच्या भागात. निम्मे काम ते वजनच करते. लहान कोयत्याला कोयती म्हणतात. घाटावर ऊसतोडीला, कोकणात शहाळी तासायला, झावळ्या उतरवायला आणि भाताच्या राबासाठी (रोपांची जमीन भाजण्यासाठी) टहाळ तोडायला तो लागतो. गोव्यात त्याला ‘कोयतो’ म्हणतात. तिथल्या रेंदेराची, म्हणजे माडी काढणाऱ्याची, काती याच कुळातली, पण तिला माडाच्या पोयीचा (फुलोऱ्याचा) अगदी पातळ काप घ्यायचा असतो, म्हणून तिची धार वस्तऱ्यासारखी राखावी लागते.

कोयत्याचा ठरलेला असा एक आकार नाही. कोयता घडवायला सांगितला की जाणता लोहार आधी विचारतो, ‘कशाला पाहिजे?’ उसाच्या बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त असते, त्यामुळे ऊसतोडीचा घाव जमिनीलगत बसावा लागतो. तिथे रुंद पाते, कमी बाक आणि दिवसभर उचलता येईल एवढेच वजन लागते. कोकणातल्या कोयतीला मात्र चोच हवी. त्या चोचीने फांदी जवळ ओढता येते, काटेरी वेल बाजूला सारता येतो. माडावर चढताना दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून ती कमरेमागच्या आकडीत अडकवतात. एका जागेचा कोयता दुसरीकडे चालत नाही, असे लोक म्हणतात, ते खरेच आहे.

पूर्वी कोयत्याचे अंग नरम लोखंडाचे आणि धार तेवढी पोलादाची असे. पोलादाला जुन्या मराठीत ‘तिखे’ असा शब्द आहे. तो संस्कृत ‘तीक्ष्ण’शी नाते सांगतो. लोखंडाच्या कडेला चीर पाडून तीत तिख्याची पट्टी बसवायची, वर सवागी (टाकणखार) टाकायची आणि दोन्ही पांढुरक्या आचेवर आले की घणाखाली एकजीव करायचे, अशी ती रीत. पोलाद महाग होते, म्हणून ते जपून वापरले जाई. आता ट्रकच्या भंगारातला कमानपाटा (स्प्रिंगची पोलादी पट्टी) सहज मिळतो आणि पूर्ण कोयताच त्याचा होतो. गिऱ्हाईकही ‘पाट्याचा कोयता द्या’ असेच मागते. या पाट्याच्या पोलादात साधारण 0.5 ते 0.6 टक्के कार्बन असतो, आणि कोयत्याला तेवढा पुरेसा आहे. बांधकामाच्या साध्या पट्टीत तो 0.25 टक्क्यांच्या आतच असतो, त्यामुळे तिला कितीही पाणी दिले, म्हणजे तापवून झटकन निववले, तरी धार टिकत नाही. बाजारात रंग मारून विकायला ठेवलेले स्वस्त कोयते पुष्कळदा या साध्या पट्टीचे असतात. एमरीच्या चाकावर टेकवले की फरक कळतो. कार्बन पुरेसा असेल तर ठिणग्या फुटून त्यांना फाटे येतात, नरम लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ उडतात. जुन्या पाट्यात वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी बारीक चिरा पडलेल्या असू शकतात, म्हणून भोकाजवळचा तुकडा न घेतलेला बरा.

लोहारसाळेतले सामान मोजके असते : भट्टी, भाता किंवा हाताने फिरवायचा पंखा, ऐरण, घण, हातोडे, सांडशी, छिन्नी, कानस आणि पाण्याची डोणी. लाकडी कोळसा सर्वात चांगला. दगडी कोळशात गंधक असते, त्यामुळे तो आधी नीट पेटू देऊन त्याचा धूर जाऊ द्यावा लागतो. पाटा नारिंगी-पिवळा झाला की बाहेर काढतात. लोहार डाव्या हातातल्या सांडशीने तो धरतो आणि उजव्या हातातल्या लहान हातोड्याने जागा दाखवतो. समोरचा माणूस नेमका तिथे घण घालतो. लोहाराने हातोडा नुसत्या ऐरणीवर वाजवला की घण थांबवायचा. घिसाडी समाजात घण बहुधा बायका चालवतात, पोटची पोरे शेजारी भाता ओढतात आणि सगळे कुटुंबच ऐरणीभोवती असते. हे फिरते लोहार. त्यांच्या बोलीचे नाते गुजराती आणि राजस्थानीशी आहे. पोलाद लाल रंग सोडून काळवंडू लागले तरी ठोकत राहिले तर चीर पडते, म्हणून घडवणाऱ्याचे लक्ष पात्याइतकेच रंगावर असते.

घडणीतली खरी युक्ती बाकात आहे. पाते एका कडेला ठोकून पातळ केले की ती कड लांबते आणि सगळे पाते पाठीच्या बाजूला कलते. सुरीला हे कलणे थोडे चालते. कोयत्याची धार आतल्या बाजूला असते, म्हणून धार काढता काढता त्याचा बाक उलगडत जातो. त्यामुळे लोहार आधी पट्टी हवी त्यापेक्षा जास्त वाकवतो आणि मग धार ठोकायला घेतो. ठोकून झाले की बाक आपोआप जागेवर येतो. किती जास्त वाकवायचे याचे माप कुठेही लिहिलेले नसते. नवशिक्याचे पहिले काही कोयते त्यामुळे सरळसोट निघतात.

घडवून झालेले पाते लाल तापवून राखेत सावकाश निववतात, म्हणजे ठोकण्याने आलेला ताण जातो आणि कानस लागते. धार या टप्प्यावर पूर्ण काढत नाहीत, जेमतेम मिलिमीटरभर जाड ठेवतात. फार पातळ कड पाणी देताना वाकडी होते किंवा तडकते.

पाणी देणे म्हणजे तापलेले पाते झटकन निववून धारेला कठीण करणे. पोलाद साधारण 730 अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्याची आतली रचना बदलू लागते, आणि या पाट्याला त्याहून थोडे वर न्यावे लागते. मग ते एकदम थंड केले की आतला कार्बन अडकून पडतो आणि पोलाद काचेसारखे कठीण, पण ठिसूळ होते. उष्णता पुरेशी झाली का ते पाहायला लोहचुंबक कामाचा आहे : 770 अंशांच्या आसपास पोलादाला चुंबक चिकटेनासे होते, आणि त्यानंतर आणखी थोडे तापवायचे. जुने लोहार हे रंगावर ओळखतात आणि म्हणून पाणी देण्याचे काम सावलीत किंवा तिन्हीसांजेला करतात, कारण भर उन्हात लाल रंगाची छटा फसवते. सगळे पाते बुडवत नाहीत. धारेकडची बोट-दीड बोट रुंदीच पाण्यात किंवा तेलात धरतात, आणि धरलेले पाते हळूहळू हलवत राहतात, नाहीतर पाण्याच्या रेषेवर चीर जाते. पाठ नरम राहते आणि घावाचा धक्का सोसते.

नुसत्या कठीण झालेल्या धारेचे पहिल्याच गाठीला तुकडे पडतील. म्हणून पुढची पायरी आच उतरवण्याची. धार बाहेर काढली की पाठीत उरलेली उष्णता तिच्याकडे सरकू लागते. धारेवरची काळी खपली लगेच विटेने घासून ती चकचकीत करतात, आणि त्या चकचकीत भागावर रंग धावताना दिसतात : 220-230 अंशांना गवती पिवळा, 250-260 ला तपकिरी, मग जांभळा, 300 च्या आसपास निळा. सुरीला पिवळा चालतो. कोयता घाव सोसतो, म्हणून जांभळ्यावर किंवा निळ्याच्या उंबरठ्यावर त्याला पुन्हा पाण्यात घालून थांबवतात. हा सगळा खेळ काही क्षणांचा असतो. पाते कितीही सुबक घडवले तरी इथे चुकले की ते बिघडते.

पात्याचे एवढे कौतुक होते, पण मुठीकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक हाताला फोड येतात ते मुठीने, आणि कोयता हातून सुटून अपघात होतो तोही मुठीच्याच दोषाने. पात्याची मागची बाजू ठोकून निमुळती शेपटी काढलेली असते. ती मुठीतून आरपार जाऊन मागे वळवली असेल तरच कोयता भरवशाचा. अर्ध्यावर थांबलेली शेपटी एक-दोन हंगामांत सैल होते.

लाकूड बाभळीचे, शिसवीचे, खैराचे किंवा धामणीचे घेतात. धामण चिवट आणि लवचीक, धक्का गिळणारी. बाभूळ सहज मिळणारी आणि जड. साग टिकाऊ असला तरी घावाच्या हत्याराला जरा ठिसूळ वाटतो. लाकूड गाभ्याचे, सरळ रेषांचे आणि पूर्ण वाळलेले हवे. ओले लाकूड बसवले की उन्हाळ्यात ते आक्रसते, शेंबी खुळखुळू लागते. शेंबी म्हणजे मुठीच्या तोंडाशी बसवलेले पितळेचे किंवा लोखंडी नळीचे कडे. लाकूड शेपटीच्या पाचरीने फाटू नये, हे तिचे काम. मुठीचे तोंड शेंबीपेक्षा केसभर जाड ठेवून, शेंबी तापवून, वरून ठोकून बसवली की ती निवताना आवळते.

मग भोक. ते शेपटीपेक्षा बारीक पाडतात आणि तापलेल्या शेपटीने जाळत जाळत रुंद करतात. या वेळी पात्याला ओले फडके गुंडाळलेले असावे, नाहीतर दिलेले पाणी उतरते. शेपटी पूर्ण आत जाऊ न देता शेवटचे बोटभर अंतर निवल्यावर ठोकून बसवायचे, म्हणजे पकड घट्ट येते. फट राहिलीच तर राळ आणि विटेची बारीक पूड एकत्र वितळवून ओततात. ती दगडासारखी घट्ट होते आणि पावसाचे पाणी आत शिरू देत नाही. शेवटी मागे निघालेल्या टोकावर वायसर घालून ते ठोकून पसरवतात.

मुठीचा आडवा छेद गोल नको, लंबगोल हवा. गोल मूठ हातात फिरते. लंबगोल मुठीत धार कुठे आहे ते न बघता कळते. मागचे टोक थोडे फुगीर आणि खाली झुकलेले ठेवले की घामेजलेल्या हातातूनही ती निसटत नाही. आकार खरखरीत कानशीने, त्यानंतर फुटक्या काचेच्या धारेने खरवडून आणि शेवटी पॉलिश पेपरने. एकदा ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावी. लाकडाचे तंतू उभे राहतात, ते पुन्हा घासावेत. हे केले नाही तर पहिल्या घामालाच मूठ खरखरीत होते. व्हार्निश लावू नये. ते गुळगुळीत दिसते, पण हात घसरतो आणि फोड येतात. जवसाचे तेल चोळावे : पातळ हात, दिवसभर वाळू देणे, पुन्हा हात, असे चार-पाच वेळा. जवसाचे तेल हवेने घट्ट होते, करडईचेही काहीसे होते. खोबरेल आणि शेंगदाण्याचे होत नाही, ते चिकट राहते. खोबरेल पात्याला गंज न लागण्यासाठी ठेवावे. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात; पसरून वाळवावीत.

कोयत्याचे समाजातले स्थान दोन ठिकाणी स्पष्ट दिसते. गावगाड्यात लोहार हा बलुतेदार. सुतारासोबत तो थोरल्या कासेत, म्हणजे बलुत्याचा मोठा वाटा मिळणाऱ्या गटात, मोडे. शेतकरी कोळसा आणि लोखंड घेऊन येई, प्रसंगी भाताही स्वतःच ओढी, आणि लोहाराला सुगीच्या वेळी धान्य मिळे. दुसरे ठिकाण ऊसतोडीचे. तिथे ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम त्यावरच उचल देतो, आणि एकट्या मजुराला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दर हंगामाला निघणारी कुटुंबे अशी हत्याराच्या नावाने मोजली जातात. त्या मोजणीत माणूस दिसत नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही. कायद्याच्या बाजूने, 1959 च्या शस्त्र कायद्याने केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारे शस्त्राच्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत. खंडेनवमीला शेतकऱ्याच्या घरी कोयता धुऊन, हळदकुंकू लावून पूजेत मांडतात.

रोजच्या वापरात धार निसण्यावर पाजवतात. आतला बाक असल्याने सपाट दगडापेक्षा गोल कडेचा निसणा सोयीचा. विजेच्या चाकावर धार लावताना पाते पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवावे. धारेवर निळा डाग उमटला तर तेवढ्या भागाचे पाणी उतरले, आणि ती जागा दर वेळी आधी बोथट होईल. धार फारच झिजली की पाते लोहाराकडे नेऊन शेवटतात, म्हणजे तापवून, ठोकून कड पुन्हा पातळ करतात आणि नव्याने पाणी देतात. दर शेवटणीला पाते थोडे अरुंद होते. कोयत्याची अशी कोयती होते, आणि कोयती झिजली की उरलेल्या तुकड्याचे लोहार खुरपे करून देतो. मूठ शाबूत असेल तर तीच पुढे वापरतात.