रुग्णानुभव व रुग्णालयाचे मानांकन

रुग्णालयात पाऊल ठेवल्यापासून घरी परतेपर्यंत रुग्णाच्या बाबतीत प्रत्यक्ष काय काय घडले, याची त्याच्याकडून घेतलेली नोंद म्हणजे रुग्णानुभव. रुग्णालयाला मानांकन (अधिस्वीकृती, म्हणजे ठरलेल्या निकषांना ते उतरते याची मान्यता) देताना आणि पुढे ते टिकवण्याची पात्रता तपासताना ही नोंद पुरावा म्हणून वापरली जाते. खाटा, यंत्रे, परवाने, डॉक्टरांच्या पदव्या कागदोपत्री तपासता येतात. रात्री दोन वाजता सलाईन संपले तेव्हा सिस्टर किती वेळाने आली, हे मात्र खाटेवरचा माणूस आणि त्याच्या उशाशी बसलेला नातेवाईकच सांगू शकतो.

रुग्णानुभव आणि रुग्णाचे समाधान या दोन गोष्टींची अनेकदा गल्लत होते. समाधान अपेक्षेवर ठरते. केईएममध्ये किंवा शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात केसपेपरसाठी पहाटेपासून रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला मोठ्या डॉक्टरांनी तपासले एवढेच पुष्कळ वाटते आणि तो ‘समाधानी’वर खूण करतो. खासगी रुग्णालयात स्वतंत्र खोली घेतलेला रुग्ण चहा गार आला म्हणून नाराजी नोंदवतो. या दोन खुणांवरून कोणत्या ठिकाणी उपचार चांगले झाले ते कळत नाही. त्यामुळे चांगली प्रश्नावली मत विचारत नाही, घटना विचारते : नवे औषध सुरू करण्याआधी ते कशासाठी आहे हे सांगितले का? घरी गेल्यावर कोणती लक्षणे दिसली तर परत यायचे, हे लिहून दिले का? तपासताना पडदा ओढला का?

आरोग्यसेवेच्या दर्जाचे अभ्यासक अव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेचा दर्जा रचना, प्रक्रिया आणि परिणाम या तीन अंगांनी पाहण्याची मांडणी केली. रुग्णानुभव मुख्यतः यांतल्या प्रक्रियेवर, म्हणजे सेवा प्रत्यक्ष कशी दिली गेली यावर, प्रकाश टाकतो. अमेरिकेत २००६ पासून ‘एचकॅप्स’ ही रुग्णानुभवाची एकसारखी प्रश्नावली देशभर वापरली जाऊ लागली आणि २००८ पासून रुग्णालयवार निकाल जाहीर होऊ लागले. तिच्यातली सर्वांत शहाणपणाची अट वेळेची आहे : प्रश्न डिस्चार्जनंतर ४८ तास ते सहा आठवडे या काळात विचारायचे. तिच्यातून एक धडाही मिळाला. गुणांचा संबंध रुग्णालयाला मिळणाऱ्या पैशांशी जोडल्यावर, वेदनांविषयीच्या प्रश्नांमुळे अफूजन्य वेदनाशामके जास्त लिहून दिली जातील अशी चिंता व्यक्त झाली. ते प्रश्न आधी आर्थिक हिशेबातून आणि नंतर प्रश्नावलीतूनच वगळले गेले.

भारतात खासगी रुग्णालयांना परिचित असलेले मानांकन एनएबीएचचे (रुग्णालयांना मानांकन देणारे राष्ट्रीय मंडळ). ही भारतीय गुणवत्ता परिषदेची घटक संस्था आहे. तिच्या मानकांतील दहा प्रकरणांपैकी एक रुग्णांच्या हक्कांना व शिक्षणाला वाहिलेले आहे. शिवाय ओपीडीतील प्रतीक्षा आणि डिस्चार्जला लागणारा वेळ हेही दर्जाचे निर्देशक म्हणून मोजावे लागतात. सरकारी संस्थांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके आहेत. केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘मेरा अस्पताल’ ही व्यवस्थाही सुरू केली. तिच्यात एसएमएस, फोन किंवा ॲपवरून रुग्णाचे मत घेतले जाते आणि असमाधानी रुग्णाला कारण विचारले जाते.

मुंबईत या मोजमापाची खरी अडचण प्रश्न कुठे आणि कधी विचारला जातो, ही आहे. सकाळच्या राऊंडला डॉक्टर ‘आज घरी जा’ म्हणतात. मग फाईल बिलिंगला जाते, टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) मंजुरीची वाट पाहणे सुरू होते आणि त्याच काउंटरवर फीडबॅक फॉर्म पुढे येतो. बिल हातात पडायचे असताना कोणी खरे लिहील अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. (विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे विमा कंपनीने डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते, किती वेळ लागला हे रुग्णालाच विचारले तर या नियमाचीही परीक्षा होईल.) दुसरी अडचण भाषेची. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. त्यांचे नातेवाईक दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा जवळच्या फुटपाथवर दिवस काढतात. अशा कुटुंबाला इंग्रजी फॉर्म देणे म्हणजे न विचारण्यासारखेच. घरी पोहोचल्यावर त्यांच्या भाषेत केलेला एक फोन अधिक सांगून जातो.

एक प्रश्न मुंबईच्या प्रश्नावलीत असायलाच हवा. शहरातील अनेक नामांकित रुग्णालये सार्वजनिक न्यास आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. ‘या योजनेची माहिती तुम्हाला कोणी दिली का, आणि केव्हा?’ एवढे विचारले तरी रुग्णहक्कांच्या फलकावरचा मजकूर वॉर्डापर्यंत पोहोचला की नाही ते उघड होते.

शस्त्रक्रिया तंत्रदृष्ट्या बिनचूक झाली का, प्रतिजैविक योग्य दिले का, हे रुग्णानुभवातून कळत नाही. त्यासाठी संसर्गाचे प्रमाण, फेरदाखल्यांचे आकडे आणि केसपेपरची तपासणीच लागते. मात्र दोन्ही एकत्र ठेवले की बरेच दिसते. मानांकनासाठी आलेला परीक्षक कधी एकच केसपेपर निवडतो आणि कॅज्युअल्टी, ऑपरेशन थिएटर, वॉर्ड असा त्या रुग्णाचा मार्ग चालत जातो. संमतीपत्रावर सही असते. कसले ऑपरेशन झाले, असे खाटेपाशी विचारल्यावर उत्तर येते, ‘पोटाचं काहीतरी केलं म्हणाले.’ सही खरी आहे, उत्तरही खरे आहे. मग संमतीपत्र कोणत्या भाषेत होते, ते वाचून कोणी दाखवले आणि सही थिएटरच्या दारात तर घेतली नाही ना, इथून पुढची तपासणी सुरू होते.