टू-स्ट्रोक जेट स्की इंजिन : बांधणीनंतरचे रनिंग-इन व ट्यूनिंग

बोअर मारून (सिलिंडरचे भोक मोठे करून), नवे पिस्टन-रिंगा घालून आणि हेड बदलून कॉम्प्रेशन वाढवलेले टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण थ्रॉटलवर नेण्याआधी दोन कामे करावी लागतात. रिंगा बोअरला बसू द्यायच्या, म्हणजे रनिंग-इन. आणि कार्बोरेटर, इग्निशन व पेट्रोल यांचा मेळ घालायचा, म्हणजे ट्यूनिंग. गॅरेजमध्ये ही कामे वेगवेगळी मोजली जातात, पण ती एकत्रच करावी लागतात. नवे बांधलेले इंजिन पहिल्या तासातच सीझ झाले (पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला) तर दोष सहसा चालवणाऱ्याच्या हाताला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा लीन मिश्रण (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) किंवा हेडपर्यंत न पोहोचलेले पाणी हे असते.

कावासाकीने १९७३ मध्ये जेट स्की बाजारात आणली, तेव्हापासून जवळपास तीन दशके हा सगळा व्यवसाय टू-स्ट्रोकवर चालला. २००२ च्या सुमारास फोर-स्ट्रोक मॉडेले आली आणि प्रदूषणाच्या नियमांनी टू-स्ट्रोक मागे पडले. यामाहाची उभ्याने चालवायची सुपरजेट मात्र २०२० पर्यंत ७०१ सीसीच्या दोन सिलिंडरांच्या टू-स्ट्रोक इंजिनावरच होती. जुनी टू-स्ट्रोक इंजिने म्हणूनच आजही उघडली-बांधली जातात. ठाण्याचे वागळे इस्टेट आणि नवी मुंबईतला तुर्भे-रबाळे पट्टा लेथ आणि बोरिंग-होनिंगच्या कामासाठी जुना आहे. आरएक्स-१०० आणि टू-स्ट्रोक रिक्षांवर हात बसलेल्या मेकॅनिकला या इंजिनात अनोळखी असे थोडेच असते.

मात्र मोटरसायकलची सवय इथे अडचणीत आणते. बाइकचे इंजिन हवेवर गार होते, उतारावर त्याला दम मिळतो, गिअर बदलताना भार सुटतो. जेट स्कीला ना गिअर, ना क्लच. इंपेलर (पंपातला फिरता पंखा) सतत पाणी ढकलत असतो आणि वेगाबरोबर त्याचा भार झपाट्याने चढतो. लाटेवरून उडी मारली की पंपात हवा शिरते, भार क्षणात नाहीसा होतो आणि आरपीएम उसळतात. शिवाय इंजिन गार करणारे पाणी थेट समुद्राचे किंवा खाडीचे असते. गार पाण्यातल्या सिलिंडरपेक्षा पिस्टन लवकर फुगतो. इंजिन तापण्याआधी थ्रॉटल पिळला तर पिस्टनवर चार कोपऱ्यांत उभे ओरखडे येतात. मेकॅनिक याला ‘फोर-कॉर्नर सीझ’ म्हणतात. आपल्याकडचे पाणी कोमट असल्याने धोका थोडा कमी, पण टळलेला नाही. फोर्ज्ड (दाबून घडवलेला) पिस्टन कास्ट (ओतीव) पिस्टनपेक्षा जास्त फुगतो, म्हणून त्याला बोअरमध्ये जास्त मोकळीक लागते. ८१ मिमी बोअरला कास्टसाठी साधारण ०.०६ ते ०.०८ मिमी, तर फोर्ज्डसाठी ०.१० मिमीच्या पुढे. शेवटचा शब्द पिस्टनच्या पाकिटातल्या कागदाचा.

बांधणी झाली की लगेच सेल मारण्याचा मोह होतो, पण त्याआधी हवागळती तपासणे हे या सगळ्या कामातले सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे पाऊल आहे. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडे पट्ट्यांनी बंद करायची आणि क्रँककेसमध्ये ६-७ पीएसआय (दाबाचे एकक) हवा भरायची. रक्तदाब मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा याला चांगला चालतो. काटा मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरत असेल तर सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधायचे. क्रँकच्या टोकाचे ऑइल सील, बेस गॅस्केट, कार्बोरेटरखालचा सांधा हे नेहमीचे संशयित. इथून शिरणारी हवा कार्बोरेटरच्या हिशेबात नसते. ती गळती राहिली तर पुढे स्क्रू कितीही फिरवा, मिश्रण हाती लागत नाही.

मग स्क्विश, म्हणजे पिस्टन वर आल्यावर त्याच्या कडेत आणि हेडमध्ये उरणारी फट. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार कडेपर्यंत सरकवायची, इंजिन हाताने एकदा वर आणायचे आणि चेपलेले टोक व्हर्नियरने मोजायचे. गजन पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना मोजले तर पिस्टन डुलल्याची चूक येत नाही. बहुतेक बांधण्यांत हे माप १ ते १.३ मिमीच्या आसपास ठेवतात. कॉम्प्रेशन गेजने पाहताना दोन्ही प्लग काढलेले, त्यांच्या वायरी अर्थ केलेल्या आणि थ्रॉटल पूर्ण उघडा हवा. मूळ इंजिने साधारण १२० ते १५० पीएसआय दाखवतात, वाढवलेली १८० च्या वर. दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर इंजिन पुन्हा उघडलेले बरे. ‘सातास एक’ अशी कॉम्प्रेशनची गुणोत्तरे कानावर आली तर ती पूर्ण स्ट्रोकवर काढली की एक्झॉस्ट पोर्ट बंद झाल्यानंतरच्या स्ट्रोकवर, हे आधी विचारावे. दोन पद्धतींचे आकडे जुळत नाहीत.

पेट्रोलच्या बाबतीत परदेशी हेड-किटवरचा कागद जसाच्या तसा वाचून चालत नाही. अमेरिकी पंपावरचा ऑक्टेन आकडा (पेट्रोल अवेळी पेटण्याला किती दाद देत नाही त्याचे माप) रॉन आणि मॉन या दोन मोजण्यांची सरासरी असतो, आपल्या पंपावरचा नुसता रॉन. त्यामुळे किटवर ‘९३’ लिहिले असेल तर आपल्या मोजणीत ते ९७-९८ होते, आणि आपले जुने साधे ९१ त्यांच्या ८७ ला येते. १८०-२०० पीएसआयच्या हेडला इंडियन ऑइलचे एक्सपी१०० किंवा त्या तोडीचे पेट्रोल घालणे ही चैन नव्हे. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) मुळे साध्या पेट्रोलचा ऑक्टेन वर गेला आहे हे खरे, पण इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणते. शुद्ध पेट्रोलवर बेतलेला जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोलचे छिद्र) ई२० वर सात-आठ टक्के लीन चालतो, म्हणून मोठा जेट लागतो. त्यात ठाण्याची दमट हवा. इथेनॉल पाणी ओढते, टाकी महिनाभर पडून राहिली तर पाणी खाली बसते, आणि कार्बोरेटरचे जुने डायाफ्राम व रबरी नळ्या फुगतात किंवा चिरतात.

ऑइलचे प्रमाण रनिंग-इनला ३२:१ किंवा ४०:१ ठेवतात, म्हणजे २० लिटरला अनुक्रमे ६२५ किंवा ५०० मिलि. पुढे ५०:१ वर, म्हणजे ४०० मिलिवर येतात. ऑइल वाढवले की तेवढे पेट्रोल कमी होते, म्हणजे मिश्रण किंचित लीनकडेच जाते, हे अनेकांना उलटे वाटते. यामाहा टीसी-डब्ल्यू३ दर्जाचे ऑइल सांगते. सी-डूच्या रोटॅक्स इंजिनांना मात्र कंपनी एपीआय-टीसी दर्जाचेच मागते.

पहिल्यांदा सुरू करताना बागेच्या नळीने पाणी द्यायचे असेल तर क्रम पक्का ठेवावा. आधी इंजिन सुरू, मग नळ. थांबवताना आधी नळ बंद, मग इंजिन. क्रम चुकला तर एक्झॉस्टमध्ये पाणी साचते आणि तिथून सिलिंडरमध्ये उतरते, म्हणजे बांधणी पाण्यात. दोन-तीन मिनिटे, हेड हाताला गरम लागेपर्यंत चालवायचे, मग पूर्ण गार होऊ द्यायचे. असे दोन-तीनदा करून हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने पुन्हा टॉर्क करतात. इग्निशन या काळात मूळ टायमिंगवरच ठेवावे; अॅडव्हान्सचे, म्हणजे ठिणगी आधी पाडण्याचे, प्रयोग नंतर.

पाण्यात उतरल्यावर पहिली टाकी अर्ध्या-पाऊण थ्रॉटलवर, सतत वर-खाली करत संपवायची. अगदी हळू चालवणे हाही गैरसमजच. रिंग बोअरला दाबली जाते ती तिच्या मागे शिरणाऱ्या वायूच्या दाबाने. भार दिलाच नाही तर होनिंगच्या (बोअर घासून पाडलेल्या) रेघा गुळगुळीत होतात आणि रिंगा कधीच नीट बसत नाहीत.

जागेचा प्रश्न नवी मुंबईत अवघड आहे. ठाणे खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये तो रामसर स्थळ झाला. इंजिनाच्या चाचणीची ती जागा नव्हे. वाशीच्या पुलाखाली ओहोटीला उघडा पडणारा चिखल पाहिला तरी इंजिनाच्या दृष्टीनेही उत्तर मिळते. पंपात गाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्या शिरतात, कूलिंगच्या बारीक वाटा बुजतात. परवानगी असलेल्या किनाऱ्यावर, उधाणाच्या भरतीला, पाणी खोल असताना जावे आणि इंजिन गार करून बाजूने पडणारी पाण्याची बारीक धार अधूनमधून पाहावी. ती थांबली की त्याच क्षणी इंजिन बंद.

मिकुनीच्या डायाफ्राम कार्बोरेटरला फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) नसतो. पॉप-ऑफ दाब, म्हणजे नीडल (पेट्रोल आत सोडणारी सुई) उचलायला लागणारा दाब, स्प्रिंग आणि सीटच्या मापावर ठरतो. हा दाब आणि लो-स्पीड स्क्रू मिळून सुरुवातीचा पाव थ्रॉटल सांभाळतात. वरच्या टोकाला मेन जेट आणि हाय-स्पीड स्क्रू. स्क्रू बाहेर काढला की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होते. सुरुवात रिचपासून करून, आधी खालची बाजू लावून, मग वरची अष्टमांश फेऱ्याने आत घेतात. मेच्या उन्हात बरोबर लागलेले सेटिंग जानेवारीच्या गार सकाळी लीन पडते, कारण गार हवा दाट असते.

निकाल प्लगवर वाचतात. पूर्ण थ्रॉटलवर थोडे अंतर जाऊन लॅनयार्ड (इंजिन बंद करणारी दोरी) ओढायचा, थ्रॉटल न सोडता. मग प्लग काढायचा. ही वाचणी रनिंग-इन संपल्यावरच. चीनीमातीच्या मुळाशी तपकिरी वलय दिसले तर ठीक. पांढरीफटक चीनीमाती आणि तिच्यावर मिरपुडीसारखे चमकणारे ठिपके दिसले तर ते ठिपके पिस्टनचे अॅल्युमिनियम आहे. नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचे अवेळी पेटणे, सुरू झालेले असते, आणि पाण्याच्या आवाजात ते कानाला कळत नाही. अशा वेळी मोठा जेट, जास्त ऑक्टेन किंवा कमी टायमिंग. वाढवलेल्या कॉम्प्रेशनला प्लगही एक पायरी थंड घेतात. एनजीकेत मोठा आकडा म्हणजे थंड प्लग.

प्रत्येक खेपेनंतर गोड्या पाण्याने फ्लश आलेच. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, तेव्हा टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून, प्लगच्या भोकातून थोडे ऑइल सोडून क्रँक दोन-चार फेरे फिरवून ठेवतात. सप्टेंबरात पुन्हा काढताना डायाफ्राम कडक झाला असेल तर तो आधी बदलावा आणि पॉप-ऑफ नव्याने मोजावा. मागच्या हंगामाचे स्क्रूचे फेरे त्यानंतर लागू पडतीलच असे नाही.