पंपाची सवय लागत नाही

"दम्याचा पंप (इनहेलर) एकदा लागला की सुटत नाही, त्यापेक्षा गोळी बरी," असं आमच्या यवतमाळकडं सर्रास सांगतात. चुलीतल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, धुरात जन्म काढलेल्या आज्या या भीतीपायी रात्र रात्र बसून काढतात, फार वाईट वाटतं.

श्वासनळी मोकळी करणाऱ्या साल्बुटामॉल या औषधाची गोळी 4 मिलिग्रॅमची. पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळिसावा भाग, तोही थेट श्वासनळीत. काहींना पंप रोज लागतो तो आजार जुनाट म्हणून, व्यसनानं नाही.

सुरू करण्याआधी चालू औषधं, डोळ्यांचे थेंबसुद्धा, डॉक्टरांना दाखवा. काचबिंदूच्या काही थेंबांनी दमा उसळतो. पंप ओढायचा कसा, ते त्यांच्यासमोरच करून बघा. स्टेरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.