पासपोर्टचा फोटो: ‘जरा नीट करून द्या’ म्हणण्याआधी

फोटो काढून झाला की ग्राहक स्क्रीनवर बघतात आणि हमखास म्हणतात, ‘डोळ्यांखालचं काळं तेवढं काढा ना.’ कुणाला हनुवटी बारीक हवी असते, कुणाला रंग उजळ. लग्नाच्या अल्बमसाठी हे सगळं आम्ही हौसेने करतो, आणि चांगलं करतो. पासपोर्ट-व्हिसाच्या फोटोला मात्र हात लावत नाही. त्यावरून काउंटरवर रोज हुज्जत होते, म्हणून कारण एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

हा फोटो आता माणसापेक्षा यंत्र जास्त बघतं. पासपोर्ट कसा असावा हे आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ‘डॉक ९३०३’ या मानकात ठरलेलं आहे. पासपोर्टच्या माहितीपानावर तळाशी असणाऱ्या ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळींपासून ते आतल्या चिपपर्यंत सगळं त्यात येतं. सगळ्या देशांत चालेल अशी मुख्य बायोमेट्रिक ओळख म्हणून आयकाओने चेहरा निवडला. बोटांचे ठसे आणि बुबुळं घ्यायची की नाही, हे त्या त्या देशावर सोडलं. ई-पासपोर्टच्या चिपमध्ये तुमचा हाच फोटो जातो, तोही साधारण १५-२० केबीत दाबून बसवलेला. मूळ फोटोच धूसर असेल तर त्यात काय उरणार? चिपमधल्या माहितीवर पासपोर्ट देणाऱ्या देशाची डिजिटल सही असते. नंतर कुणी फोटोत कणभर जरी फेरफार केला, तरी तपासणीत ती सही जुळत नाही.

म्हणजे आज आम्ही हनुवटी कोरून दिली, तर ती कोरलेली हनुवटी पासपोर्टची मुदत संपेपर्यंत तुमच्या गळ्यात. मोठ्यांचा पासपोर्ट बऱ्याच देशांत दहा वर्षं चालतो. विमानतळावरचं ई-गेट समोर उभ्या असलेल्या चेहऱ्याची गाठ चिपमधल्या फोटोशी घालतं. जुळलं नाही की गेट उघडत नाही, आणि सामान घेऊन पुन्हा अधिकाऱ्याच्या रांगेत उभं राहायचं. अर्थात बहुतेकदा गोष्ट तिथवर जातच नाही, अर्जच परत येतो.

‘एवढ्याशा टचअपने काय होतंय?’ असं विचारतात. दोन माणसांचे चेहरे संगणकावर मिसळून केलेला एकच फोटो यंत्र दोघांचाही म्हणून मान्य करू शकतं, हे इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं. याला मॉर्फिंग म्हणतात. तेव्हापासून हात फिरवलेल्या फोटोकडे सगळीकडेच संशयाने बघतात. जर्मनीने तर १ मे २०२५ पासून पासपोर्टसाठी कागदी फोटो बंद करण्याचा नियम आणला. फोटो एकतर कार्यालयातल्या यंत्रावर काढायचा, नाहीतर नोंदणी केलेल्या स्टुडिओने तो सुरक्षित मार्गाने थेट पाठवायचा. फोटो ग्राहकाच्या हातातून जाऊच नये, हा त्यामागचा हेतू. आमचा नकार आगाऊपणा वाटत असेल, तर एवढं लक्षात घ्या.

घरून सेल्फी घेऊन ‘फक्त प्रिंट द्या’ म्हणणाऱ्यांचाही घोळ हाच. बरेच मोबाइल न सांगता त्वचा गुळगुळीत करतात, ते तुमच्या लक्षातही येत नाही. शिवाय हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं दिसतं आणि कान मागे जातात. आम्ही कॅमेरा दीड-दोन मीटरवर ठेवतो तो त्यासाठीच. त्यात तो सेल्फी व्हॉट्सअॅपवरून आला की आणखी दाबला जातो. दोन डोळ्यांच्या मध्यबिंदूंत किमान ९० पिक्सेल अंतर लागतं, कापून-ताणून ते खोटं आणता येत नाही. आम्ही दिलेली फाइल पुढे पाठवायची असेल तर ईमेलने किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा.

आम्ही काय करतो, तर फोटो सरळ करतो आणि मापात कापतो. ३५ × ४५ मिमीच्या फोटोत हनुवटीपासून डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत ३२ ते ३६ मिमी, हे माप पुष्कळ ठिकाणी चालतं. मागचा पडदा संगणकावर कापून पांढरा करत नाही, केसांच्या कडा लगेच चुगली करतात. डोळ्यांखालचं काळं मुळात प्रकाशामुळे दिसत असेल तर दिवे हलवून पुन्हा फोटो काढतो. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम भागतं.

येताना पांढरा शर्ट नको, पडद्यात मिसळतो. चष्मा काढावा लागेल. अमेरिकेने तर नोव्हेंबर २०१६ पासून तो बंदच केला आहे. तोंड मिटलेलं, डोळे उघडे. धार्मिक कारणाने डोकं झाकत असाल तर चालतं, पण कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा मोकळा हवा. तान्ह्या बाळाला झोप झाल्यावर आणा, घाई नाही, बाळांसाठी आम्ही वेळ राखून ठेवतो.

कोणत्या देशासाठी आणि पासपोर्टला की व्हिसाला, हे आधी सांगा, मापं बदलतात. आम्ही काढलेला फोटो नाकारला गेलाच, तर कार्यालयाने दिलेलं कारण लेखी किंवा स्क्रीनशॉट घेऊन या. नुसतं ‘रिजेक्ट झाला’ म्हटलं तर काय सुधारायचं ते कळत नाही. कारण हातात असलं की पुन्हा काढून देतो, त्याचे पैसे घेत नाही.