उजनी आहे म्हणून पंढरपूर सुरक्षित?
‘उजनी धरण आहे, आता चंद्रभागेला पूर कसला?’ हे सोलापुरात वर्षानुवर्षं ऐकतोय. ते खरं नाही. पंढरपूरच्या वर भीमेवर (पंढरपुरात तिलाच चंद्रभागा म्हणतात) असलेली उजनी मुख्यतः सिंचनासाठी बांधलेली. पावसाळ्याच्या शेवटी ती काठोकाठ भरली, की येणारं पाणी खाली सोडावंच लागतं. शिवाय वीर धरणाचं पाणी घेऊन येणारी नीरा भीमेला मिळते ती नरसिंहपूरला, म्हणजे उजनीच्या खाली. तिला उजनी अडवणार कशी? त्यात हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. मग मुसळधार पाऊसही जास्त जोराने कोसळतो. नुसत्या भिंतींचाही भरवसा नको: ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत पंढरपूरच्या कुंभार घाटाची भिंतच कोसळून ६ जीव गेले. काठच्या दाट वस्तीला विसर्गाची सूचना रात्र होण्याआधी, घरोघरी पोचायला हवी.